अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात नाटक शिकायला जायचंय? अकरावीपासून पहिल्या प्रयोगापर्यंतची वाट

सांगलीत वाढलेल्या मुलीला नाटक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्याच गावात. भावे नाट्यमंदिराच्या विंगेत उभं राहून मी शाळेत असताना कितीतरी प्रयोग पाहिले. तरीही बारावीनंतर अमेरिकेला जाऊन नाटकात बीए करायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांच्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिथे शिकवतात काय, पैसे येणार कुठून, पुढे काय होणार, काहीच नाही. विचारायला ओळखीचंही कुणी नव्हतं. ओहायोमधल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजात चार वर्षं काढल्यावर आता ती उत्तरं माझ्याकडे आहेत. अकरावी-बारावीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी ती क्रमानं लिहिते आहे.

१. आधी नीट समजून घ्या: कशासाठी जाताय?

‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे आर्ट्स शाखा डोळ्यांसमोर येते. तसं काही नाही. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, संस्कृत, संगीत असं सगळं एकाच छताखाली शिकवतात आणि विद्यार्थ्यानं त्यातलं बरंच काही चाखून बघावं अशी अपेक्षा असते. कॉलेजं लहान, बहुतेक ठिकाणी दीड ते तीन हजार विद्यार्थी. वर्ग पंधरा-वीस जणांचे. चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात, त्यांतले नाटकाचे १० ते १२. मुख्य विषय, म्हणजे मेजर, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो.

याच्या शेजारीच दुसरी वाट आहे, बीएफएची, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स या पदवीची. कार्नेगी मेलन, न्यूयॉर्क विद्यापीठाचं टिश, ज्युलियार्ड अशा ठिकाणी ऑडिशन देऊन प्रवेश मिळतो आणि चारही वर्षांचा मोठा भाग आवाज, शरीर, अभिनय यांच्या तालमीत जातो. लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेशासाठी सहसा ऑडिशन नसते आणि दिवसभर अभिनयच अभिनय असंही नसतं. सकाळी अर्थशास्त्राचा तास, दुपारी नाट्येतिहास, रात्री तालीम, शनिवारी सुतारकाम. अभिनय करायचा असला तरी दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, नाट्यलेखन या सगळ्यांत हात घालावाच लागतो.

कॉलेजच्या माहितीपत्रकात मोठी नावं असतात. मेरिल स्ट्रीप वासारची, १९७१ ची पदवीधर. पॉल न्यूमन केनियनचा, १९४९ चा. नावं खरी आहेत, पण पुढची ओळही वाचा: दोघंही नंतर अभिनय शिकायला येलच्या नाट्यविद्यालयात गेले. लिबरल आर्ट्स कॉलेज तुमची जमीन तयार करतं, कसून अभिनय-प्रशिक्षण बहुतेकांना त्यानंतर घ्यावं लागतं.

म्हणून स्पष्टच सांगते. तुम्हाला फक्त नट व्हायचं असेल, तेही मराठी-हिंदीत काम करायला, तर पुण्याचं ललित कला केंद्र आधी बघा. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. खर्च कितीतरी कमी आणि शिक्षण तुमच्या भाषेच्या जवळचं. पण ज्यांना नाटकही सोडवत नाही आणि गणितही, ज्यांना एकांकिकेत भूमिका मिळाली नाही तरी लाइट लावताना तितकाच आनंद होतो, त्यांच्यासाठी मला ठाऊक असलेली यापेक्षा चांगली जागा नाही.

२. पैशाचं गणित कॉलेजांची यादी करण्याआधी

फी, राहणं, जेवण, विमा सगळं धरून खासगी कॉलेजांचा जाहीर खर्च वर्षाला ८० ते ९५ हजार डॉलर आहे, म्हणजे साधारण ७० ते ८५ लाख रुपये. हा आकडा बघून निम्मे लोक पान बंद करतात. करू नका, कारण यातला बराच भाग कॉलेज स्वतः सोसू शकतं. त्याची रीत मात्र समजून घ्यायला हवी.

बरीच श्रीमंत कॉलेजं ‘सिद्ध झालेली संपूर्ण गरज भागवू’ असं म्हणतात. तुमच्या घरचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून कुटुंब किती भरू शकेल हे कॉलेज ठरवतं आणि उरलेलं मुख्यतः अनुदान म्हणून देतं. यात पहिला खड्डा असा: गरज किती हे तुम्ही ठरवत नाही. आपल्याला परवडेल ती रक्कम आणि कॉलेजच्या हिशोबातली रक्कम यांत पाच-सात हजार डॉलरचा फरक सहज पडतो. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर, प्रत्यक्षात किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. तो बहुतेकदा अमेरिकी कुटुंबांसाठी बनवलेला असतो, तेव्हा त्यावर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या मदतीचं पान वेगळं असतं, ते शोधून वाचा.

दुसरा खड्डा याहून खोल. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडॉइनसारखी अगदी थोडी कॉलेजं आंतरराष्ट्रीय अर्ज तपासताना ‘याला पैसे लागतील का’ हे बघत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी बघतात. तुम्ही जितकी जास्त मदत मागाल तितकी स्पर्धा कडक. आणि अर्जात ‘मदत नको’ लिहून, प्रवेश मिळाल्यावर ‘आता द्या’ म्हणता येत नाही. अनेक ठिकाणी चारही वर्षं मदत मागायची दारं त्याच दिवशी बंद होतात. एका सल्लागारानं मला हाच मार्ग सुचवला होता. मी ऐकलं असतं तर पहिल्या सत्रानंतर घरी परत यावं लागलं असतं.

मदतीच्या अर्जासाठी बहुतेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म, मागतात. ते अमेरिकी पगारदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून बनवलंय. माझे बाबा शिक्षक, शिवाय दोन एकर ऊस. उसाचं उत्पन्न आयकर विवरणपत्रात ज्या रकान्यात होतं त्याला तिकडे जोडीदार रकाना सापडेना. आम्ही साखर कारखान्याची तीन वर्षांची ऊसबिलं, सातबारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांची इंग्रजी भाषांतरं केली आणि एक पानभर साध्या भाषेत पत्र लिहिलं: जमीन किती, ऊस तोडणीला कधी येतो, पैसे किती हप्त्यांत मिळतात, विहिरीचं कर्ज किती. मदत कार्यालयातल्या बाईंनी नंतर सांगितलं की ते पत्र नसतं तर जमिनीची सगळी किंमत त्यांनी बँकेतल्या पैशासारखी धरली असती. शेती, दुकान, एकत्र कुटुंब, आजीचं आजारपण, जे असेल ते असं लिहून द्या.

३. यादी करताना नाट्यविभाग कसा वाचायचा

क्रमवारीच्या याद्या नाटकासाठी फारशा उपयोगी नाहीत. विभागाच्या पानावर जा आणि मागच्या तीन वर्षांत कोणती नाटकं झाली ते बघा. वर्षाला दोन होतात की सहा? विद्यार्थ्यांनी दिग्दर्शित केलेली किती? पहिल्या वर्षाच्या मुलांना भूमिका मिळतात का? नेपथ्य आणि प्रकाश शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की दरवर्षी बदलतात? हा शेवटचा प्रश्न फार थोडे विचारतात, पण अभिनय शिकवणारा कुठेही सापडतो आणि चांगला प्रकाशयोजनाकार चार वर्षं शेजारी लाभणं दुर्मीळ.

विभागाबाहेरचं नाटकही तितकंच मोलाचं. वेस्लियनमध्ये लिन-मॅन्युएल मिरांडानं दुसऱ्या वर्षात असताना ‘इन द हाइट्स’ लिहायला घेतलं आणि ते पहिल्यांदा उभं केलं विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या ‘सेकंड स्टेज’ या संस्थेनं. अशी संस्था आहे का, तिला जागा आणि पैसे कोण देतं, हे विचारा. (वेस्लियनच्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ आहे, तरी शिक्षणाचा बाज लिबरल आर्ट्सचाच. नावावरून चाळणी लावू नका.)

एखादं सत्र बाहेर घालवायची सोयही बघा. कनेटिकटमधल्या वॉटरफर्ड इथे यूजीन ओनील थिएटर सेंटरची नॅशनल थिएटर इन्स्टिट्यूट आहे, तिथे एक सत्र सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त नाटक. लंडनच्या ब्रिटिश अमेरिकन ड्रामा अकॅडमीतही अशी सत्रं असतात. बेनिंग्टनमध्ये तर दर हिवाळ्यात काही आठवडे कॉलेजबाहेर प्रत्यक्ष काम करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. प्रश्न एवढाच: बाहेरच्या सत्राला तुमची आर्थिक मदत तुमच्यासोबत येते का? काही कॉलेजांत येते, काहींत नाही. लेखी उत्तर घ्या.

मराठी माणसाला ही कॉलेजं वाटतात तितकी परकी नाहीत. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी जयंत कर्वे यांच्यासोबत तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चं इंग्रजी भाषांतर केलं. मध्यपश्चिमेतल्या अशा कॉलेजांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं पुण्यात येऊन, लोकांच्या घरी राहून मराठी शिकत आले. आपल्या नाटकाबद्दल तिथे काही बोललात तर कुणाला तरी ते आधीपासून ठाऊक असण्याची शक्यता बरीच आहे.

४. कागदपत्रं

हा भाग रटाळ आहे, पण माझे दोन महिने यातच गेले.

- नववी ते बारावीच्या गुणपत्रिका. महाराष्ट्रात नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे दोन संस्थांकडे जावं लागतं. शाळेच्या कार्यालयाला नववीचे गुण काढायला वेळ लागतो, सुट्टीआधीच अर्ज द्या.
- बारावीचे अपेक्षित गुण आणि पूर्वपरीक्षेचा निकाल. बोर्डाचा निकाल उन्हाळ्यात, प्रवेशाचा निर्णय मार्चअखेर. त्यामुळे सहामाही व पूर्वपरीक्षेचे गुण लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लागतात.
- संस्थेचा अहवाल आणि समुपदेशकाचं पत्र. आपल्या ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक नसतो. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक हे काम करू शकतात. कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून गेलं तर उत्तम.
- दोन विषयशिक्षकांची शिफारसपत्रं. नाटकाच्या दिग्दर्शकाचं तिसरं पत्र जोडता आलं तर जरूर जोडा.
- इंग्रजीची परीक्षा: टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो, कॉलेज जी मानत असेल ती. एसएटी अनेक ठिकाणी ऐच्छिक आहे.
- पासपोर्ट. अर्जातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत एकच हवं. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी गायब. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी. कुठे फरक असेल तर तो आत्ताच मिटवा.
- आर्थिक कागद: आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६, बँकेचं पत्र, आणि वर सांगितलेलं शेती-व्यवसायाचं सगळं, भाषांतरासह.

५. अर्ज: निबंध, उपक्रमांची यादी आणि कलेची पुरवणी

बहुतेक कॉलेजं एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायच्या संकेतस्थळावर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर असतात. एक मुख्य निबंध, कमाल ६५० शब्द. उपक्रमांचे १० रकाने आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. अक्षरं म्हणतेय, शब्द नव्हेत.

त्या १५० अक्षरांत आपण सगळे एकच चूक करतो. ‘आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत सहभाग, उत्तेजनार्थ पारितोषिक.’ वाचणाऱ्या बाईंना स्पर्धाही माहीत नाही आणि उत्तेजनार्थ म्हणजे काय हेही. मी आधी असंच लिहिलं होतं. मग बदललं: चौदा जणांची एकांकिका, प्रकाशयोजना माझी, सहा दिवे आणि दोन डिमर, चाळीस रात्री तालीम, ठरलेल्या मिनिटांत नेपथ्य लावून उतरवायचं. तेवढ्यावर त्यांना चित्र दिसतं. आपल्या एकांकिका स्पर्धांत सतरा-अठरा वर्षांची मुलं जे शिकतात, म्हणजे उधारीवर प्लायवूड आणणं, तालमीला वर्ग मिळवणं, शेवटच्या दिवशी नट आजारी पडला तर दुसरा उभा करणं, ते तिथल्या अनेक मुलांनी केलेलं नसतं. हे भांडवल आहे. ते तपशिलात मांडा.

मुख्य निबंधात ‘नाटक ही माझी आवड आहे’ हे वाक्य शोधा आणि काढा. त्याजागी एखादी रात्र सांगा. माझा निबंध एका लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याच्या, मोडलेल्या पायाबद्दल होता. प्रयोगाला दीड तास असताना तो निखळला आणि आम्ही तो कसा बांधला, एवढंच. भाषा साधी, मी बोलते तशी. शब्दकोशातून काढलेले जड इंग्रजी शब्द त्यांना लगेच कळतात.

शिफारसपत्रांबद्दल एक विनंती. आपले सर-मॅडम प्रेमळ असतात, पण पत्र लिहितात तीन ओळींचं: ‘विद्यार्थिनी प्रामाणिक व आज्ञाधारक आहे.’ अमेरिकेत अशा पत्राचा अर्थ ‘सांगण्यासारखं काही नाही’ असा होतो. सरांकडे जाताना एक पान घेऊन जा. त्यावर त्यांच्या वर्गातले दोन-तीन प्रसंग लिहा, म्हणजे त्यांना आठवेल. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. पत्र शिक्षकांनीच लिहायचं आणि त्यांनीच अपलोड करायचं असतं. हे खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही जातो. इंग्रजीत लिहायला संकोच वाटत असेल तर मराठीत लिहून भाषांतर जोडता येतं.

कलेची पुरवणी ही नाटकवाल्यांची खरी संधी. बऱ्याच कॉलेजांत ती स्लाइडरूम या संकेतस्थळावर भरायची असते आणि विभागातले प्राध्यापक ती बघतात. प्रत्येकाचे नियम निराळे, काही ठिकाणी पुरवणी स्वीकारतच नाहीत. आधी वाचा. अभिनयासाठी सहसा दोन वेगळ्या जातीची स्वगतं मागतात, एकेक-दोनदोन मिनिटांची. त्याबद्दल माझं म्हणणं:

फोन आडवा धरा, खिडकीकडे तोंड करून उभे राहा, मागे कोरी भिंत. पंखा बंद करा, आवाजात त्याची घरघर येते. संपूर्ण नाटक वाचल्याशिवाय त्यातलं स्वगत उचलू नका. वय तुमच्या आसपासचं ठेवा. आणि अमेरिकी उच्चारांची नक्कल करू नका. मी पहिला व्हिडिओ तसा केला होता. तो बघून आमच्या दिग्दर्शक काकू एवढंच म्हणाल्या, ‘अगं, यात तू कुठे आहेस?’ दुसऱ्यांदा मी माझ्या इंग्रजीत बोलले. ‘व’ आणि ‘ट’ माझेच राहिले, आणि वाक्यं माझी वाटायला लागली. नियमांत बसत असेल तर एक स्वगत मराठीत करून खाली इंग्रजी ओळी द्या. मातृभाषेत माणूस किती मोकळा होतो हे त्यांना भाषा न कळताही दिसतं.

अभिनय करत नसाल तर नेपथ्याची रेखाटनं, मॉडेलचे फोटो, प्रकाशयोजनेचा आराखडा, तालमीच्या वहीची पानं द्या. वही तेलकट असली तरी चालेल.

६. वेळापत्रक

कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला नवं होतं. अर्ली डिसिजनची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्याला, दुसरी फेरी आणि नियमित अर्ज जानेवारीत. उत्तरं मार्चअखेर, होकार १ मेपर्यंत. अर्ली डिसिजन म्हणजे निवड झाली तर जायचंच, बाकी अर्ज मागे घ्यायचे. मदत अपुरी असेल तर सुटका होते, पण चार कॉलेजांची मदत शेजारी ठेवून बघता येत नाही. आमच्यासारख्या घरांनी एकाच कॉलेजवर खरंच जीव जडला असेल तरच ते करावं. आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा बारावीच्या सबमिशनचा, पूर्वपरीक्षांचा काळ आहे. निबंध दिवाळीआधी संपवा.

७. व्हिसा

कॉलेज आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, पाठवतं. मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) शुल्क ३५० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, व्हिसाचं मूळ शुल्क १८५ डॉलर, बोटांच्या ठशांसाठी एक भेट आणि मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत. शुल्क भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. २०२५ पासून विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. अर्जात पाच वर्षांतली सगळी खाती द्यायची असतात, एकही विसरू नका.

खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतोच: ‘नाटक शिकायला एवढ्या लांब कशाला?’ दोन वाक्यांत उत्तर तयार हवं. कॉलेजनं किती मदत दिली, हेच कॉलेज का, पुढे काय करणार. मी म्हणाले की मला नाट्यगृहांचं तंत्र शिकायचंय, आमच्या गावाला मोठी नाट्यपरंपरा आहे. तीन मिनिटांत झालं. सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांहून जास्त आधी अमेरिकेत उतरता येत नाही, तेव्हा तिकीट त्या हिशोबानं काढा.

८. पहिलं सत्र: ऑडिशन द्या, पण आधी क्रूमध्ये नाव घाला

ऑडिशन पहिल्या एक-दोन आठवड्यांतच होतात. ती सगळ्या कॉलेजला खुली असते, रसायनशास्त्राची मुलंही येतात. फलकावर वेळेसमोर नाव लिहायचं, एक स्वगत, कधी हातात ऐनवेळी दिलेलं पान वाचायचं. मग कॉलबॅकची, म्हणजे पुन्हा बोलावलेल्यांची, यादी लागते, मग अंतिम यादी. पहिल्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं. दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी मी सीन शॉपमध्ये, म्हणजे नेपथ्य बनवायच्या कार्यशाळेत, गेले, आणि माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

क्रू म्हणजे पडद्यामागची फळी. मेजरसाठी तिचे तास सक्तीचे असतात. करवतीला हात लावण्याआधी प्रशिक्षण, गॉगल, बंद बूट. हे नियम कुणी टाळत नाही. आपल्याकडे चपला घालून शिडीवर चढणारे आपण सगळेच, तिथे पहिल्याच दिवशी परत पाठवतात.

मला लाइट बोर्डावर, म्हणजे दिवे चालवायच्या यंत्रावर, बसवलं. रंगीत तालमीच्या आठवड्यात, ज्याला तिथे टेक वीक म्हणतात, कानावर हेडसेट. स्टेज मॅनेजर म्हणते, ‘स्टँडबाय, लाइट्स ३१,’ म्हणजे प्रकाशाच्या ३१व्या बदलाला तयार राहा. आपण म्हणायचं, ‘लाइट्स.’ मग ती थांबते. मंचावर नायिका खिडकीकडे वळते. मला संहिता पाठ झाली होती. तिनं पडद्याला हात लावला की संध्याकाळ व्हायला हवी हे दिसत होतं, आणि मी बटण दाबलं. एकांकिकेत मी नेहमी असंच करायची, वाक्य कानावर घेऊन. हेडसेटमध्ये क्षणभर शांतता. मग ती शांतपणे म्हणाली, ‘मी गो म्हटलेलं नाही.’ नंतर तिनं मला शेजारी बसवून वही दाखवली. त्या एका क्षणावर माझ्या दिव्यासोबत आवाजाचा क्यू (ठरलेला बदल) होता, आणि वरून उतरणारी एक चौकटही होती, जिच्याखाली माणूस उभा असू शकतो. तिच्या ‘गो’वर तीन माणसं एकत्र हलतात. म्हणून हेडसेटवर तो शब्द एरवी कुणी उच्चारत नाही.

स्टेज मॅनेजर हे पद आपल्याकडे या अर्थानं फारसं नाही. तिथे प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकाचाही शब्द चालत नाही, तिचाच चालतो. ती ‘पाच मिनिटं’ असं ओरडली की सगळ्यांनी ‘थँक यू, फाइव्ह’ असं उत्तर द्यायचं, म्हणजे ऐकलं याची पावती. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले तर ती माझ्यासमोर येऊन पुन्हा म्हणाली. शेवटच्या प्रयोगानंतर त्याच रात्री सगळे मिळून नेपथ्य उतरवतात. त्याला स्ट्राइक म्हणतात. नायकही स्क्रू काढतो. स्ट्राइक चुकवणाऱ्याला पुढच्या यादीत जागा मिळणं कठीण.

घरी असतानाच थोडी तयारी करता येते. प्रकाशाच्या ईटीसी इऑस बोर्डाचं सॉफ्टवेअर मोफत उतरवून सराव करता येतो. आवाजाच्या क्यूसाठी क्यूलॅब, पण ते फक्त मॅकवर चालतं. बॅगेत दोन जोड पूर्ण काळे कपडे ठेवा, क्रूला तेच लागतात.

९. कामाचे आणि कराचे नियम

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, तेही कॉलेजातच. सीन शॉप, शिवणखोली, तिकीटखिडकी इथे नोकऱ्या असतात, पहिल्याच आठवड्यात विचारा. बाहेर पैसे घेऊन काम करायला परवानगी लागते. उन्हाळ्यातल्या नाट्यमहोत्सवाची इंटर्नशिप असेल तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी, आणि ते बहुधा एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात हौसेनं काम करा, तालमीला गाडीतून न्यायला येतात आणि पिठलं-भाकरी खायला घालतात. मानधन मात्र घेऊ नका.

कराबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. फीसाठी मिळालेल्या अनुदानावर कर नसतो, पण राहण्याजेवणासाठी मिळालेल्या अनुदानावर असतो, आणि कॉलेज त्यातून १४ टक्के कापू शकतं. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते. दर वसंतात विवरणपत्र भरून कापलेल्यातलं काही परत मिळवता येतं. आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन विचारा.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे आपल्या विषयाशी संबंधित कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नाटकाला मिळत नाही. या काळात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, पण आठवड्याला २० तासांचं बिनपगारी कामही मोजलं जातं. हे तिसऱ्या वर्षीच ध्यानात ठेवा. अनेक जण दुसरा मेजर संगणकशास्त्रासारखा घेतात. मी अर्थशास्त्र घेतलं, आणि आज एका नाट्यगृहाचा हिशोब बघताना ते रोज उपयोगी पडतं.

१०. शेवटच्या वर्षी मराठी नाटक करायचं असेल तर

बहुतेक मेजरना शेवटच्या वर्षी स्वतःचं काम उभं करावं लागतं: दिग्दर्शन, नेपथ्य, लेखन किंवा प्रबंध. मी मराठी एकांकिका इंग्रजीत केली. पूर्ण लांबीचं अमेरिकी नाटक करायचं तर परवान्यासाठी कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्ससारख्या कंपन्या असतात, अर्ज भरा, पैसे भरा, झालं. मराठी नाटकाला असं एक खिडकी-कार्यालय नाही. लेखक किंवा त्यांचे वारस शोधावे लागतात, आणि दोन परवानग्या लागतात: भाषांतराची वेगळी, प्रयोगाची वेगळी. फोनवरच्या ‘करा की, माझी हरकत नाही’वर विभाग जागा देत नाही, सही असलेलं पत्र लागतं. मी ते काम तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सांगलीला घरी आले असताना केलं. लेखकांच्या मुलीनं मला चहा दिला, कपाटातून मूळ हस्तलिखित काढून दाखवलं आणि त्यातल्या खोडलेल्या तीन ओळी मला उतरवून घेऊ दिल्या.

विभागाकडे प्रस्ताव द्यायची तारीख बहुधा तिसऱ्या वर्षाच्या वसंतातच असते, म्हणजे त्या उन्हाळ्याच्याही आधी. तेव्हा परवानगीचं पहिलं पत्र दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात टाका, आणि पाकिटात परतीचा पत्ता तुमच्या सांगलीच्या, लातूरच्या, चिपळूणच्या घरचा द्या.